पेन्शन म्हाताऱ्यांची, प्रश्न तरुणांचा

भारत हा तरुणांचा देश आहे, हे वाक्य आम्ही गेली पंचवीस वर्षे राज्यकर्त्यांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. सरकारे बदलली, वाक्य बदलले नाही. परंतु तरुणांचा देश कायम तरुण राहत नसतो. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. लोकसंख्येच्या ती ८.६ टक्के भरत होती. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ मध्ये ही संख्या १४ कोटी ९० लाखांवर गेली होती आणि २०५० साली ती ३४ कोटी ७० लाखांच्या घरात असेल. म्हणजे दर पाच भारतीयांत एक जण साठीच्या पुढचा असेल. आज जो पोरगा विशीत आहे आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसला आहे, तो तेव्हा पंचेचाळिशीत असेल. त्याच्या एका बाजूला म्हातारे आईबाप असतील आणि दुसऱ्या बाजूला शिकणारी पोरे असतील. या दोघांचा भार त्याने कसा उचलायचा, याचा विचार आज कोण करतो आहे?

महाराष्ट्रात हा दिवस लवकर येणार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. लोकसंख्या आहे तेवढी टिकून राहायची तर हे प्रमाण २.१ असावे लागते. कुटुंब लहान असावे, हा विचार आंबेडकरी चळवळीला नवा नाही. १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने. तेव्हा तो नामंजूर झाला. जे त्या काळच्या सभागृहाला पटले नाही ते पुढे आमच्या आयाबहिणींनी आपल्या घरात अमलात आणले, मुलांना शिकवले, हे योग्यच झाले. परंतु त्याचा दुसरा परिणामही ध्यानात घेतला पाहिजे. पूर्वी चार भाऊ मिळून आईबापाला सांभाळत, वाट्याला थोडे थोडे येई. आता ते काम एका मुलाला किंवा एका मुलीला करायचे आहे. हात कमी झाले, ओझे तेवढेच राहिले. किंबहुना माणसे जास्त जगू लागली म्हणून ते वाढले.

या विषयावर इंग्रजी वर्तमानपत्रांतून जी चर्चा चालते तिचा सूर असा असतो की, म्हातारे वाढले की तरुणांवर बोजा पडतो, सबब तरुण आणि म्हातारे यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत. उदाहरणे दिली जातात ती जपानची आणि युरोपची. जपानमध्ये लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. तिथे २००० साली म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेसाठी विमा सुरू झाला आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला त्याची वर्गणी भरावी लागते. फ्रान्समध्ये २०२३ साली निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा आला तेव्हा लाखो कामगार रस्त्यावर उतरले. हे सर्व खरे आहे. परंतु तिथला तरुण ज्या वर्गणीबद्दल कुरकुर करतो ती त्याच्या पगाराच्या कागदावर छापलेली असते. त्याला ती दिसते आणि तिच्या बदल्यात उद्या आपल्याला काय मिळणार हेही त्याला ठाऊक असते. आमचा तरुणही वर्गणी भरतो. तिची पावती मात्र कोणी फाडत नाही आणि तिच्या बदल्यात त्याच्या नावावर एक पैसाही जमा होत नाही.

ही बिनपावतीची वर्गणी कोणती, ते पाहू. बापाचे मोतीबिंदूचे किंवा खुब्याचे ऑपरेशन निघाले की पोरगा ठेकेदाराकडून उचल घेतो, आई बचत गटातून कर्ज काढते. त्याचे हप्ते वर्ष दोन वर्षे चालतात. पदवीचे शेवटचे वर्ष सोडून मुलगा मिळेल त्या कंत्राटी कामाला लागतो, कारण घरात येणारा दुसरा पैसा थांबलेला असतो. आजी अंथरुणाला खिळली की सुनेची धुण्याभांड्याची कामे सुटतात. सून नसेल तर बारावीतल्या नातीची शाळा सुटते. घरात कपात करायची वेळ आली की पहिली कपात मुलीच्या शिक्षणावर होते, हे आमच्या वस्त्यांत कोणाला सांगावे लागत नाही. आणि या सगळ्यात त्या तरुणाची स्वतःची बचत शून्यावर राहते. तो साठीला पोहोचेल तेव्हा त्याच्याही हातात काही नसेल आणि त्याचे पोर याच वाटेने जाईल. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काही मोठे नाव असेल. आम्ही त्याला वारशाने येणारे दारिद्र्य म्हणतो.

म्हणून ‘तरुण विरुद्ध म्हातारे’ ही मांडणीच आम्हाला मान्य नाही. या देशात म्हातारपण एक नाही, दोन आहेत. पुण्यामुंबईच्या खात्यापित्या घरात आजोबांच्या नावावर फ्लॅट असतो, ठेवी असतात, गावाकडे बागायत असते. तिथे पैसा वरच्या पिढीकडून खालच्या पिढीकडे वाहतो. नातवाच्या परदेशी शिक्षणाचे पैसे आजोबा भरतात. भूमिहीन मजुराच्या, सफाई कामगाराच्या, ऊसतोड्याच्या घरात पैसा उलट दिशेने, खालून वर वाहतो. तिथे आजोबांनी चाळीस वर्षे काम केले ते या दुसऱ्याच घरांची शेती पिकवण्याचे, इमारती बांधण्याचे, गटारे उपसण्याचे. ज्यांनी त्यांच्या श्रमावर घरे भरली त्यांनी त्यांच्या म्हातारपणासाठी काही बाजूला काढले नाही. ते बाजूला न काढलेले पैसे आज त्यांच्या नातवाकडून वसूल होत आहेत. खरा हिशेब हा आहे. तो वयाचा नाही, श्रम करणारे आणि श्रमाचे फळ खाणारे यांच्यातला आहे. आणि या देशात श्रम कोणी करायचे हे जातीने ठरवलेले असल्यामुळे तो जातीचाही आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण यासाठीचा कायदा संसदेने २००७ साली केला. या कायद्याने आईबापांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे मुलांविरुद्ध निर्वाहासाठी अर्ज करता येतो आणि दरमहा १० हजार रुपयांपर्यंत रक्कम मागता येते. घर, जमीन नावावर करून घेऊन म्हाताऱ्यांना हाकलून देणाऱ्या पोरांविरुद्ध या कायद्याचा उपयोग होतो, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तसे नालायक वारस सर्व जातींत आहेत. परंतु याच कायद्यातील शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. मुलांनी आईबापांचा निर्वाह करणे हे बंधन आहे. निराधार म्हाताऱ्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा, असे कलम १९ सांगते. तिथे मात्र सरकार तो ‘काढू शकेल’ अशी भाषा आहे. मुलावर सक्ती आणि सरकारला सवलत! ज्या पोराचीच रोजची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याच्याविरुद्ध निर्वाहाचा हुकूम काढून म्हातारीच्या ताटात काय पडणार? तो हुकूम म्हणजे एका गरिबाने दुसऱ्या गरिबाला पोसावे, एवढाच होतो.

संविधानाची भाषा वेगळी आहे. कलम ४१ सर्वांनी पुन्हा एकदा वाचावे. राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत नागरिकांना कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, म्हातारपण, आजार व अपंगत्व अशा प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून द्यावा, असे ते कलम सांगते. तरुणाचे काम, पोराचे शिक्षण आणि म्हाताऱ्याचा आधार या तिन्ही गोष्टी घटनाकारांनी एकाच वाक्यात गुंफल्या आहेत. एकाचे तोडून दुसऱ्याला द्या, असे त्यात कुठेही नाही. उलट एक गोष्ट ढासळली की उरलेल्या दोन ढासळतात, हे वर सांगितलेल्या कुटुंबांत रोज दिसते. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यामुळे त्याच्या आधारे थेट कोर्टात जाता येत नाही, हे खरे. परंतु अश्वनी कुमार खटल्यात १३ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांचे सन्मानाने जगणे, त्यांचे आरोग्य आणि निवारा यांचा संबंध जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. वृद्धांसाठीच्या पेन्शन योजनांकडे केंद्राने नव्याने पाहावे, अशी अपेक्षाही व्यक्त केली.

केंद्राने नव्याने पाहिले काय? राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला तेव्हा वृद्धांना केंद्राकडून महिना ७५ रुपये मिळत. २००६-०७ मध्ये त्याचे २०० रुपये झाले. २०११ साली ऐंशी वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० रुपये झाले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या म्हाताऱ्याच्या नशिबी मात्र केंद्राचे तेच २०० रुपये राहिले. या काळात किमती तिपटीहून अधिक वाढल्या. आमदार-खासदारांचे वेतन, भत्ते आणि पेन्शन किती वेळा वाढले, ते वाचकांनीच आठवून पाहावे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या संपूर्ण कार्यक्रमासाठी ९,६५२ कोटी रुपये ठेवले होते. त्यातच विधवा आणि अपंगही आले. त्या वर्षीचा एकूण अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा होता. म्हणजे देशाच्या तिजोरीतून खर्च होणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांत निराधारांचे १९ पैसे!

महाराष्ट्राने श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेत भर घालून ही रक्कम २०२३ साली दीड हजार रुपये केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु खरी मेख उत्पन्नाच्या मर्यादेत आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्या वृद्धासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार रुपये ठेवण्यात आली. महिन्याचे झाले १,७५० रुपये. पाच माणसांच्या घरात माणशी दिवसाला बारा रुपयेही पडत नाहीत. असे कुटुंब जिवंत कसे राहील, हा प्रश्न तो नियम लिहिणाऱ्याला पडला नाही काय? याचा परिणाम असा होतो की तहसील कचेरीत खोटा दाखला काढल्याशिवाय खऱ्या गरिबाला लाभ मिळत नाही आणि खोट्या दाखल्यासाठी दलाल लागतो. याच सरकारने २०२४ साली लाडकी बहीण योजना आणली तेव्हा २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली. रक्कम तीच, दीड हजार. आता एखाद्या मोलकरणीच्या घराचे उत्पन्न वर्षाला लाखभर रुपये आहे असे समजा. चौसष्टाव्या वर्षी ती लाभाला पात्र आहे. पासष्टी उलटली, हातपाय थकले, काम सुटले की ती त्या योजनेतून बाहेर पडते आणि २१ हजारांची अट तिला दुसऱ्या योजनेच्या दारातच अडवते. गरज वाढली तेव्हा पात्रता संपली! शासनाच्या दोन निर्णयांत याहून मोठी विसंगती आम्ही पाहिलेली नाही. हे दीड हजार रुपये बंद होतात तेव्हा ते भरून काढायचे असतात तिच्या मुलाला किंवा सुनेला, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या समाजातील नोकरदार वर्गाकडे वळू. आरक्षणामुळे रेल्वे, पोस्ट, बँका, दारूगोळा कारखाने, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांत जी पहिली पिढी लागली ती बहुतेक चतुर्थ आणि तृतीय श्रेणीत होती. पगार बेताचे होते. परंतु निवृत्तीनंतर त्यांना पेन्शन मिळाली आणि ही पेन्शन हे आमच्या समाजाच्या प्रगतीचे फार मोठे, पण फारसे न बोललेले साधन ठरले. तिच्यामुळे म्हातारा बाप मुलावर अवलंबून राहिला नाही. मुलाला इंजिनिअरिंगची, नातीला नर्सिंगची फी भरता आली. गावाकडच्या भावाच्या पोरांना शहरात आश्रय देता आला. चळवळीच्या कार्यक्रमांना, वसतिगृहांना वर्गणी मिळाली तीही बरीचशी याच पैशांतून. ज्या समाजाकडे जमीन नव्हती, दुकान नव्हते, त्याच्यासाठी पेन्शन हीच शेती होती. डी. एस. नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी स्पष्ट केले की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, ती केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे.

हा हक्क दोन बाजूंनी कापला गेला. पहिली बाजू म्हणजे १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत आलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि बाजारातील गुंतवणुकीवर अवलंबून असलेली अंशदायी योजना आली. त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी सात दिवसांचा संप केला. पुढे केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या या योजनेत २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची हमी दिली आहे. म्हणजे लढल्यावर थोडे तरी परत मिळते.

दुसरी बाजू जास्त घातक आहे. ती म्हणजे नोकरीच कंत्राटी होणे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत बाहेरून मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला. निर्णय मागे गेला, पद्धत गेली नाही. कचरा उचलणारा, रुग्णालयातला वॉर्डबॉय, कचेरीतला संगणक चालवणारा पोरगा आज ठेकेदाराचा माणूस असतो. त्याचा बाप कायम झाडूवाला होता आणि पेन्शनीत निघाला. पोरगा पदवीधर आहे आणि त्याला पेन्शन नाही. भविष्य निर्वाह निधी कापला गेलाच तर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत त्याला दहा वर्षांची सेवा दाखवावी लागते. ठेकेदार बदलतो, खाते तुटते, अडचणीला पैसे काढून घेतले जातात. टिकून राहिला तरी हिशेब काय होतो? पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. २०१४ साली ठरवलेल्या १५ हजारांच्या मर्यादेने पूर्ण तीस वर्षे काम केले तर महिना ६,४२८ रुपये. त्याच वर्षी किमान पेन्शन एक हजार ठरली आणि पुढची दहा वर्षे ती एक हजारच राहिली. बाप मुलाचा आधार होता, उद्या हा मुलगा आपल्या मुलाचे ओझे होणार आहे. एका पिढीत वर आलेला समाज दुसऱ्या पिढीत पुन्हा खाली घसरण्याची ही वाट आहे. ती वेळीच ओळखली पाहिजे.

जुन्या पेन्शनला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र आम्ही टाळणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या मासिकात सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात म्हटले होते की, राज्ये जुन्या पेन्शनकडे परत गेली तर त्यांच्यावरील एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. हा भार उद्याच्या करदात्यांवर, म्हणजे आजच्या तरुणांवर पडेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो अगदीच खोटा नाही. बाजूला निधी न काढता दिलेले वचन पुढच्या पिढीने फेडायचे असते. शिवाय शासकीय कर्मचाऱ्याला निम्मा पगार आणि त्याच्याच गावातल्या शेतमजूर म्हातारीला दीड हजार, यालाही न्याय म्हणता येत नाही. चळवळीतील कर्मचारी संघटनांनी आपल्या पेन्शनसाठी मोर्चे काढले तेव्हा त्या म्हातारीच्या पेन्शनची मागणी किती फलकांवर होती? परंतु या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष, म्हणजे कोणालाच हमीची पेन्शन देऊ नका, हा आम्हाला अजिबात मान्य नाही. सरकारने खर्च टाळला म्हणून खर्च नाहीसा होत नाही. तो अंदाजपत्रकातून निघून झोपडीत जातो. तिथे तो मोजला जात नाही एवढेच.

पैसा कुठून आणणार, असे विचारतील. हिशेब मांडू. पंधरा कोटी वृद्धांना दरमहा तीन हजार रुपये द्यायचे तर वर्षाला ५ लाख ४० हजार कोटी लागतात. देशाचे वार्षिक उत्पन्न २०२४-२५ मध्ये सुमारे ३३१ लाख कोटी होते. त्याच्या हे पावणेदोन टक्केही होत नाहीत. ज्यांना शासकीय पेन्शन आहे, जे आयकर भरतात त्यांना वगळले आणि आधी निम्म्या, गरजू वृद्धांना दिले तर खर्च २ लाख ७० हजार कोटींवर येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडून देत असल्याचे खुद्द अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. म्हणजे जवळजवळ निम्मे पैसे एका सकाळी काढलेल्या एका आदेशात होते. तेव्हा कोणी विचारले नाही की पैसा कुठून आणणार!

आणि म्हाताऱ्यांना दिलेला पैसा वाया जातो असेही नाही. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण आमच्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. तिथे वर्णद्वेषी राजवटीत गोऱ्या म्हाताऱ्याला जास्त आणि काळ्या म्हाताऱ्याला कमी पेन्शन असे. ती राजवट कोसळत असताना १९९३ पर्यंत ही रक्कम सर्वांना सारखी झाली आणि काळ्या कुटुंबांत प्रथमच बरा पैसा आला. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी त्या काळातील कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या घरात आजीला पेन्शन मिळत होती त्या घरातील लहान नातींची प्रकृती सुधारलेली त्यांना आढळली. आजीने ते पैसे पोरींच्या पोटात घातले होते. आमच्याकडे तरी वेगळे काय होईल? बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात त्या उन्हाळ्यात परततात. ज्या घरात धडधाकट आजी आहे तिथली पोरे गावात राहतात आणि शाळेत जातात. जिथे आजी नाही, किंवा तिच्याच पोटाची भ्रांत असल्यामुळे तिलाही कोयता घेऊन जावे लागते, तिथली पोरे उसाच्या फडात जातात. त्या आजीच्या हातात महिना तीन हजार रुपये ठेवणे हा शिक्षणावरचाच खर्च आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १९४२ ते ४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार झाली ती त्याच काळात आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी विमा हा फक्त राज्याच्या हातात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे राज्याने सक्तीचे करावे, अशी तरतूद सुचवली होती. जोखीम एकेकट्या माणसाने अंगावर घ्यायची नाही, ती सर्व समाजाने मिळून वाटून घ्यायची, हा त्यामागचा विचार आहे. आजचे धोरण नेमके उलटे आहे. २०१५ ची अटल पेन्शन योजना घ्या. अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरायला लागलात तर साठीनंतर पाच हजार मिळतील, चाळिशीत सुरुवात केली तर महिना १,४५४ रुपये भरा, असा तो हिशेब आहे. बेचाळीस वर्षांनंतर पाच हजार रुपयांत काय येईल, याची हमी नाही. ज्याच्या घामावर नफा होतो त्या मालकाचा तर त्यात एक रुपयाही नाही.

मालकाकडून वाटा घेण्याचा मार्ग महाराष्ट्राला नवीन नाही. १९६९ चा माथाडी कायदा याच राज्याने केला. हमाल आज एका व्यापाऱ्याचे पोते उचलतो, उद्या दुसऱ्याचे. त्याचा कायम मालक कोणीच नसतो. तरीही मंडळ स्थापन करून व्यापाऱ्यांकडून मजुरीवर लेव्ही घेतली गेली आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, सुट्टीचा पगार देता आला. जे हमालाला मिळू शकते ते सफाई कंत्राटी कामगाराला, घरेलू कामगाराला, घरपोच माल देणाऱ्या पोराला का मिळू नये? इथे एक इशाराही दिला पाहिजे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होऊ लागला. त्याचे हजारो कोटी रुपये अखर्चित पडून राहिल्याबद्दल २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. तेव्हा कायदा करून घेणे हे अर्धेच काम आहे. पैसा कामगाराच्या खात्यात पडेपर्यंत मागे लागणे हे उरलेले अर्धे.

म्हणून चळवळीने पुढील मागण्या एकत्र लढवाव्यात असे आम्हाला वाटते. निराधार वृद्धांचे अनुदान किमान तीन हजार करावे आणि ते कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याप्रमाणे दरवर्षी आपोआप वाढावे. वृद्धांच्या योजनेची उत्पन्न मर्यादा लाडकी बहीण योजनेएवढी करावी. कंत्राटी कामगाराच्या निधीची आणि पेन्शनची जबाबदारी ठेकेदार पळाला तरी मूळ मालकावर, मग तो नगरपालिका असो की मंत्रालय, प्रत्यक्षात वसूल होईल अशी व्यवस्था करावी. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी वस्तीपातळीवर पगारी शुश्रूषा सेविका नेमाव्यात, म्हणजे सुनांची कामे आणि नातींच्या शाळा सुटणार नाहीत आणि आमच्याच मुलींना रोजगार मिळेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिक्त पदांचा अनुशेष भरावा, कारण ज्याला कायम नोकरी आहे तोच वर्गणी भरू शकतो. आज बेकार ठेवलेला तरुण उद्याचा बिनपेन्शनीचा म्हातारा असतो.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. कर्मचारी संघटनांनी पेन्शनच्या पुढच्या प्रत्येक मोर्च्यात निराधार वृद्धांना आणि कंत्राटी कामगारांना आपल्या पुढे चालवावे. कायदा शिकलेल्या तरुणांनी आपापल्या वस्तीत साठीच्या पुढच्या माणसांची यादी करावी. कोणाला लाभ मिळतो, कोणाचा बंद झाला, कोणाचा अर्ज कुठे अडला, हे लिहून काढावे आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे लेखी कारण तहसील कचेरीतून मागावे. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. लेखी कारण हाती आले की लढाईला सुरुवात करता येते. एका आजीचे अनुदान सुरू झाले तर तिच्या घरातील एका पोराची वह्या-पुस्तके सुटतात, हे या कामाचे मोल आहे. तरुणांनी हे काम म्हाताऱ्यांवर उपकार म्हणून करू नये. स्वतःच्या पगारातून जी बिनपावतीची वर्गणी आज जाते आहे ती थांबवण्यासाठी करावे.